हँडलाजवळची ढील

उस्तादांना आपल्या हाताखेरीज जगातला प्रत्येक हात थोटा वाटायचा. सायकलच्या दुकानात जावई कामाला लागल्यापासून तर त्यांच्या जिभेला रोजचा खुराक मिळाला होता. "जावईबापू, पाना असा धरतात होय? चहाचा चमचा आहे का तो?" हे नुसतं सकाळचं. दुपारसाठी वेगळं राखून ठेवलेलं असायचं.

लेकीनं गळ घातली म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतलं, पण अट घालून. "सायकलची तक्रार आली, की ज्यानं काम केलं तो घरी. मग तो कुणी का असेना!" कारखाना बंद पडल्यापासून जावयाला दुसरं दार उरलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी जावयानं बायकोच्या सायकलला डिस्क ब्रेक बसवले. मागच्या ब्रेकच्या तारेवरचं काळं कवच, म्हणजे आउटर, त्यानं सायकलच्या सांगाड्याला बांधत नीट मागच्या चाकापर्यंत नेलं आणि हँडलाजवळ थोडी ढील ठेवली. उस्तादांनी नाक मुरडलं.

"ही काय कपडे वाळत घालायची दोरी आहे?"

"बाबा, हँडल वळवलं की ते..."

"मला शिकवता? जा, जेवून या."

जावई गेला. उस्तादांनी तार ओढून काढली, हँडल सरळ धरून आउटर वीतभर कापलं, तुकडा कचऱ्यात टाकला आणि सगळं ताणून बसवलं. केबल पट्टीनं आखल्यासारखी दिसू लागली. समोरच्या शिंप्याला हाक मारून त्यांनी ती दाखवलीही. हँडल वळवून मात्र पाहिलं नाही. वळवून पाहायचं ते नवशिक्यांनी!

जावई जेवून परतायच्या आत लेक सायकल घेऊन बाहेर पडली. संध्याकाळी ती हातानं सायकल ढकलत परत आली. "वळणावर मागचं चाक आपोआप आवळलं. मी ब्रेकला बोटही लावलं नव्हतं."

उस्तादांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "ऐकलंत, जावईबापू? आली तक्रार! उद्यापासून घरी बसा."

आरडाओरडा ऐकून शिंपीही डोकावला. जावयानं हँडल वळवलं. केबल ताणली गेली, चाक जागच्या जागी अडकलं. सरळ केलं, चाक सुटलं. मग त्यानं कचऱ्यातून तो तुकडा काढून बायकोच्या हातात दिला. ती याच दुकानात वाढलेली. तिला कळायला वेळ लागला नाही.

"बाबा, हे कुणी कापलं?"

उस्ताद छताकडे पाहू लागले. शिंपी भोळेपणानं म्हणाला, "अहो उस्ताद, दुपारी तुम्हीच नाही का हौसेनं दाखवलंत?"

लेकीनं खिळ्यावरची दुकानाची किल्ली काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"उद्या दुकान हे उघडतील. तुम्ही घरी थांबा. अट तुमचीच आहे."

किल्ली देताना तिची बाही वर सरकली. कोपर पार सोलवटलं होतं. उस्ताद घाईनं पुढे झाले, तर तिनं हात मागे घेतला.