चार दिवसांचं काम

फरशी बसवणाऱ्या त्या कारागिराला सगळे ‘सूतभर’ म्हणायचे. ओळ जराशी हलली की तो कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, “सूतभर चुकलंय,” आणि बसवलेली फरशी उखडायचा. गिऱ्हाईकं वैतागायची, पण काम बघून गप्प व्हायची.

त्याची आई ताईकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायची. गुडघे धरल्यापासून ती जिना उतरलीच नव्हती. सूतभरचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. पुढची खोली आईला द्यायची आणि तिथेच न्हाणीघर बांधायचं, असं त्यानं ठरवलं. “चार दिवसांचं काम,” तो म्हणाला होता.

त्याला आता पाच महिने झाले होते. आधी फरशांच्या रंगात फरक निघाला. मग उतार मनासारखा पडेना. मग सांधे.

“अहो, पाणी वाहून जातंय ना? मग झालं की,” बायको म्हणाली.

“आईसाठी आहे. तिथे तडजोड नाही.”

“आईंना विचारलंत का?”

तो पुन्हा सांध्यांकडे वळला.

ताईचे फोन चालूच होते. “आई रोज सकाळी पिशवी भरते आणि संध्याकाळी रिकामी करते. अजून किती?”

“चार दिवस.”

“तुझे चार दिवस म्हणजे मारुतीचं शेपूट!”

एका सकाळी तो न्हाणीघराच्या दारातल्या चार फरशा छिन्नीनं काढून बसला होता. बाहेर गाडी थांबली. रडकुंडीला आलेली ताई उतरली आणि तिच्या हाताला धरून आई.

“आई! जिना कसा उतरलीस?”

“बसून. एकेक पायरी, लहान मुलं उतरतात तशी. हिनं खूप आरडाओरडा केला, पण माझी बैठक पक्की आहे.” आई हसली. तिच्या तळव्यांना खरचटलं होतं, साडी मागून मळली होती.

“अगं, पण काम अजून...”

“ते राहू दे. आधी मला आत जाऊ दे. तासभर धरून ठेवलंय.”

त्यानं घाईघाईनं खड्ड्यावर फळी टाकली, तिचे दोन्ही हात धरून तिला पलीकडे नेलं आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “पाणी सरळ गेलं रे! छान केलंयस.”



बाहेर आल्यावर आई टेकली. “तिसऱ्या मजल्यावर बसून बसून मी भिंतीवरच्या पालींनासुद्धा ओळखायला लागले होते. मला माणसं हवी होती रे.”

“मला वाटलं, तुझ्या कामात काही चुकायला नको.”

“पाच महिन्यांत तू तीनदा आलास. तेही घाईत.”

दुपारपर्यंत त्यानं चारही फरशा बसवल्या. एकीचा कोपरा किंचित वर राहिला. हात सवयीनं छिन्नीकडे गेला, तेवढ्यात पुढच्या दारातून आईची हाक आली.

“अरे, इकडे ये. ही समोरची बाई कोण? मला हात करतेय.”

तो उठून गेला. दहा वर्षं समोर राहणारी ती बाई कोण, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. रस्ता ओलांडून तो विचारून आला. ती शिंपीण होती.

आई त्या घरात पावणेदोन वर्षं राहिली. शिंपीण रोज दुपारी काजं-बटणं करायला तिच्याकडे येऊन बसायची. गिऱ्हाईकांकडे सूतभर होता तसाच राहिला, आठ्यांसकट. पण जेवणाच्या वेळी हातातलं काम असेल तसं टाकून तो घरी यायचा आणि दोघींच्या गप्पांत बसायचा.