हळू आवाजाची वाट

त्या विद्यापीठाच्या गावात पाहुण्यांना पायी फिरवून जुन्या इमारती दाखवणारे गाइड पुष्कळ होते, पण आवाज म्हणावा तर तिचाच. घंटाघराच्या चौकात ती बोलायला लागली की पलीकडच्या पुलावरून जाणारा माणूसही मान वळवायचा. सोबतचे तिला ‘भोंगा’ म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, उलट आतून ती जरा मिरवायचीच.

मग घशात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आवाज मात्र परत आला तो अर्धाच, कानाशी बोलावं तसा मऊ आणि खरखरीत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की ओरडायचं नाही, ताणायचं नाही, यापुढे हाच तुमचा आवाज.

गाइडांच्या कंपनीच्या मालकाने तिला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. माणूस वाईट नव्हता. त्याने तिच्यासाठी गळ्यात अडकवायचा स्पीकरसुद्धा आणला होता, पण जुन्या इमारतींच्या आवारात विद्यापीठाने असल्या यंत्रांना बंदी घातलेली. खिडकीमागून ती दुसऱ्यांचे गट निघताना बघायची आणि संध्याकाळी घरी नवऱ्यावर उगाच डाफरायची, तेही हळू आवाजात. मोठ्याने बोलायचीस तेव्हा निदान कानाआड तरी करता यायचं, असं तो बिचारा म्हणे.

एका रविवारी सकाळी पाळीवरचा गाइड घरच्याच जिन्यात घसरला. खिडकीसमोर माणसं जमलेली, आणि मालक फोनावर फोन लावतोय तरी कोणी सापडेना. तिने खिडकी ओढून घेतली, गटाला दिसावी म्हणून गाइड उंच धरतात ती छत्री उचलली आणि बाहेर आली.

“झेपणार आहे का तुम्हाला?” मालकाने विचारलं.

“बघू की,” ती म्हणाली आणि चालायलाही लागली.

चौकात तिची पार फजिती झाली. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून तिने नेहमीसारखी सुरुवात केली, पण वारा सुटलेला, सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, शेजारी दुसऱ्या गाइडचा गट उभा. पुढच्या चार-पाच जणांना ऐकू गेलं, मागच्यांनी फोन काढले. एका लठ्ठशा गृहस्थांनी जरा मोठ्याने बोला म्हणून दोनदा सांगितलं. तिने आवाज ताणला तशी खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दोन जोडप्यांनी हळूच काढता पाय घेतला. वाटलं, छत्री मिटावी आणि मुकाट्याने खिडकीवर जाऊन बसावं.

पण मग तिच्या डोक्यात आलं की हा चौक, तो पूल, ते मोठं पटांगण, या सगळ्या जागा आपण निवडल्या त्या जुन्या आवाजासाठी. तो आवाज गेला, तर त्याची वाट आपण का धरून बसलोय?

तिने छत्री उंच केली आणि गटाला घेऊन बाजूच्या बुकबाइंडरांच्या गल्लीत शिरली. गल्ली इतकी अरुंद की सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि दोन्हीकडच्या भिंतींनी तिचा शब्द धरून ठेवला. पूर्वी रात्री इथल्या वसतिगृहाच्या फाटकाला कुलूप लागल्यावर मुलं कोपऱ्यातल्या पाइपावरून चढत. रेक्टरांनी एकदा पाइपाला गुपचूप काजळी फासली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली सगळ्यात हुशार मुलंच काजळीने माखलेल्या विजारी घालून आली, असं तिने सांगितलं. गल्लीत हशा पिकला. हसणं ओसरलं तसे लोक आणखी पुढे सरकले. नीट ऐकायचं म्हणून ते आपसातली कुजबुजही थांबवत होते. इतक्या वर्षांच्या खणखणीत बोलण्यात तिला हे कधी पाहायला मिळालं नव्हतं.

तिथून ती त्यांना जुन्या वैद्यकशाळेच्या गोल दालनात घेऊन गेली. मधोमध दगडी टेबल, भोवती छतापर्यंत चढत गेलेल्या लाकडी पायऱ्या. गटाला वर पाठवून ती एकटी खाली टेबलापाशी उभी राहिली.

इकडे गट ठरल्याप्रमाणे पुलावर पोचलाच नाही हे कळून मालक शोधत निघाला होता. धापा टाकत, दोन शब्द सुनावायच्या तयारीने तो वरच्या दाराशी आला आणि तिथेच थांबला.

ती इथल्या पहिल्या विद्यार्थिनीबद्दल बोलत होती. त्या मुलीला पडद्यामागे बसवत. एकदा प्राध्यापकांनी प्रश्न विचारला, सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या, आणि उत्तर पडद्यामागून आलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी स्वतःच्या हाताने तो पडदा काढून टाकला. आवाज जराही न चढवता ती हे सांगत होती. दालन बांधलंच होतं असं की खालचा शब्द शेवटच्या पायरीपर्यंत जावा. माणसं कानात प्राण आणून ऐकत होती.

ती थांबली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या लाकडी पायऱ्यांवर दणाणल्या. लठ्ठ गृहस्थ सावकाश खाली उतरले आणि म्हणाले, “बाई, मी सगळ्यात वर होतो. एक अक्षर सुटलं नाही.”

त्यांच्या मागून मालक आला. सुनावायचं ते तो विसरला होता. डोकं खाजवत तो एवढंच म्हणाला, “आता खिडकीवर कोणाला बसवू मी?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “मला उद्या दोन गट द्या. आणि पूल माझ्या वाटेतून काढून टाका.”

त्याने मान डोलावली. वेधशाळा अजून दाखवायची राहिली होती. ती दाराकडे निघाली, आणि तिच्या शेजारची जागा मिळावी म्हणून माणसं चक्क एकमेकांना कोपराने सारत पुढे आली.