वाटीखालची हिरवी छाप

उदयसिंहकाकांनी वारुळाच्या कडेची माती खुरप्याने हळूहळू उकरली आणि नवीनला शेजारी बसवून घेतलं.

"ओढायचं नाही. ओढलंस की मूळ खालीच तुटतं. आणि मूळ पाहिलं नाहीस तर काहीच पाहिलं नाहीस."

अळंबीचा दांडा मातीत उतरत गेला. बारीक होत होत उंदराच्या शेपटीएवढा झाला, तरी संपेना. शेवटी तो वाळवीच्या घरात शिरलेला दिसला.

"ही आपली," काका म्हणाले. "जिला असं मूळ नाही ती कितीही गोरीगोमटी असो, तिला नमस्कार करायचा आणि पुढं जायचं."

काका नवीनच्या वडिलांचे चुलतभाऊ. तंजावूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि आता वेस्ट मांबलममध्ये नवीनच्या मागच्याच गल्लीत राहत होते. दिवाळीनंतर ढग गडगडून पाऊस झाला की ते तांबरमच्या पलीकडच्या एका मित्राच्या काजूच्या बागेत जात. यंदा पहिल्यांदाच त्यांनी नवीनला सोबत घेतलं होतं, आणि आज पहिल्यांदाच त्याला अळंबी घरी न्यायची परवानगी मिळाली होती.

"कागद आणलेस? प्रत्येक वारुळाची वेगळी पुडी बांध."

कागद गाडीत राहिले होते. नवीनने खिशातून कोणाच्या तरी लग्नात मिळालेली पिवळी कापडी पिशवी काढली आणि सगळं तिच्यात भरलं. "सगळ्या इथल्याच तर आहेत, काका."

"आहेत. घराच्या फाटकापर्यंत," काका म्हणाले. ते आणखी काही बोलणार होते, पण नवीन हसला म्हणून तेही हसले. "निदान एक गोष्ट पाळ. घरी गेल्यावर यातल्या दोन छत्र्या कागदावर पालथ्या घाल, वर वाटी झाक. त्यांची भुकटी गळते आणि कागदावर छाप पडते. आपल्या अळंबीची छाप फिकट गुलाबी. छाप पडल्याशिवाय चूल नाही."

नवीन घरी पोचला तेव्हा सहा वर्षांची भव्या फाटकातच उभी होती. त्याचा फोन वाजत होता. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं आणि रविवार असूनही सगळे त्याला शोधत होते. त्याने पिशवी लेकीच्या हातात दिली आणि बोलत बोलत जिना चढला.

भव्या जरा मागाहून पिशवी घेऊन वर आली. फोन खांद्याने कानाशी दाबून त्याने पिशवीतून हाताला लागल्या त्या दोन छत्र्या कागदावर पालथ्या घातल्या. भव्याने दोन वाट्या आणून दिल्या.

"छाप म्हणजे काय, बाबा?"

"अळंबीची सही. सही झाल्यावरच खायचं. तोवर कुणी वाटी उचलायची नाही."

"आजीनं पण नाही?"

"आजीनं पण नाही." मग स्वयंपाकघराकडे वळून तो म्हणाला, "आई, संध्याकाळपर्यंत पिशवीला हात लावू नकोस हं."

"संध्याकाळी त्यात किडे वळवळतील रे," राजसबाई म्हणाल्या. "मी तंजावूरची आहे. अळंबीला आम्ही काळान म्हणतो, ती मला नको शिकवूस."

नवीनने ते ऐकलं, आणि दार लावून लॅपटॉप उघडला.

काम संपवून तो बाहेर आला तेव्हा दुपार कलली होती. घरभर मिरी आणि लसणाचा वास होता. त्या वासाने त्याला आधी भूक लागली. सहज म्हणून त्याने एक वाटी उचलली.

कागदावर हिरवी छाप होती. शेवाळासारखी मळकट हिरवी, चाकाच्या आऱ्यांसारखी रेघारेघांची.

त्याने छत्री उलटून पाहिली. दांड्याच्या उरलेल्या तुकड्यावर कडं होतं. वारुळावरच्या एकाही अळंबीला कडं नव्हतं.

"भव्या!" त्याचा आवाज असा फुटला की ती दचकून सोफ्यावरून उतरली. "पिशवीत तू काही घातलंस?"

"खालच्या लॉनवर होत्या. पांढऱ्या, मोठ्या." ती सोफ्याच्या पाठीमागे सरकली. "तुझ्या कमी होत्या ना, म्हणून."

नवीन स्वयंपाकघरात गेला. पातेलं अर्धं रिकामं होतं. ओट्यावर भव्याची पालाडै होती, तान्हेपणी तिला दूध पाजायची चांदीची चोचीची वाटी. ती लखलखीत होती.

राजसबाई खुर्चीत बसल्या होत्या. "घाबरतोस कशाला? लसूण आणि चांदी घालून उकळलं. विष असतं तर चांदी काळी पडली असती. माझी आई असंच करायची."

"चांदीला काही कळत नाही, आई! कुणी खाल्लं? भव्यानं खाल्लं?"

त्याने भव्याला उचललं, तिचं तोंड उघडायला लावलं, वास घेतला. लसणाचा वास तिच्या तोंडाला आहे की घरालाच आहे, ते त्याला कळेना. ती रडायला लागली.

"सोड तिला," राजसबाई म्हणाल्या. "तिला रसमभात दिला. रानातलं आधी म्हातारं खातं. ते धडधाकट राहिलं तर मग लेकरांना. आमच्याकडे तशीच रीत आहे."

तेव्हा कुठे नवीनने आईकडे नीट पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता. पंखा वेगाने फिरत होता आणि तिने पदर पोटाशी घट्ट धरला होता.

"कधीपासून दुखतंय?"

"थोडं मळमळतंय. तुझं ऑफिसचं चाललं होतं, कशाला हाक मारायची?" असं म्हणून त्या उठल्या आणि मोरीपर्यंत पोचायच्या आतच त्यांना उलटी झाली.

पुढचं सगळं त्याने केलं, पण आपण करतोय असं त्याला वाटलं नाही. काकांना फोन लावला. शेजारच्या मुलीला, नित्याला, भव्यापाशी बसवलं. बायको हरिप्रिया माहेरी गेली होती, तिला काय सांगायचं ते न सुचल्यामुळे फोन केलाच नाही. हिरव्या छापेचा कागद आणि ती छत्री डब्यात घातली, कारण काकांनी तेवढंच बजावलं होतं: "छाप घेऊन ये. डॉक्टरांना दाखवायला तीच हवी."

रिक्षात राजसबाईंना आणखी दोनदा उलटी झाली. तिसऱ्यांदा नुसतं पाणी आलं. त्यांचा हात थंडगार लागत होता आणि नवीन तो चोळत राहिला, जणू चोळणं थांबलं तर आई थांबेल.

काका दवाखान्यात आधीच येऊन उभे होते. सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं. काकांनी डबा उघडला, कागद उजेडात धरला आणि डॉक्टरबाईंना दाखवला. मग नवीनला बाकावर बसवलं. शाळेतल्या मुलाला बसवावं तसं, खांद्यावर हात दाबून.

"नीट ऐक. हिरवी छाप पाडणारी ही हिरवळीवरची. पोट पिळून काढते, पाणी संपवते. म्हाताऱ्या माणसाला ते सोपं नाही. पण लवकर ओकायला लावते, हे त्यातल्या त्यात बरं. जी खरी मारेकरी असते ती दिवसभर गप्प बसते."

"आई वाचेल ना, काका?"

काका शिकवताना कधी खोटं बोलले नव्हते. "वाचावी," ते म्हणाले. "अजून बघायचंय."

पडद्याआडून राजसबाईंचा आवाज आला. "नवीन..."

तो धावला. त्यांचे ओठ सुकले होते.

"उरलेलं पातेलं... कुठे आहे रे?"

नवीनला आठवलं. पातेलं ओट्यावरच होतं. मिरीचा वास सुटलेलं, अर्धं भरलेलं. नित्या कॉलेजातून आली की त्यांच्याच घरात पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायची. आणि त्याने तिला सांगितलं होतं एवढंच, की भव्याला काहीतरी खायला दे.

त्याने नित्याला फोन लावला, तो वाजत राहिला. कुणी उचलेना. त्याने पुन्हा लावला. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"हलो अंकल, पाट्टी... आजी कशा आहेत?"

"नित्या, ओट्यावरचं पातेलं! तू खाल्लंस? तिला दिलंस?"

"अय्यो, कसं देऊ? ही ओट्यासमोर स्टूल टाकून बसलीय. ताट आणायला गेले तर चावायलाच आली. दोघींनी नुसता दहीभात खाल्ला. घ्या, तुम्हीच बोला तिच्याशी."

फोन हातातून हातात गेला. मग भव्याचा श्वास ऐकू आला, रडून झालेला, अजून अडखळणारा.

"बाबा, दुसऱ्या वाटीची सही मी बघितली नाही. कुणाला बघू पण दिली नाही. तू येईपर्यंत कुणी खायचं नाही ना?"

"नाही," नवीन म्हणाला.

"आजीनं सहीच्या आधी खाल्लं म्हणून ती आजारी पडली?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. राजसबाईंचे डोळे मिटले होते आणि सलाईनचा थेंब पडत होता. एक, आणि थांबून आणखी एक. काकांनी पुढे होऊन त्यांची नाडी धरली. नवीन काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, फोन कानाशी तसाच. बराच वेळ काकांनी बोट हलवलं नाही.

मग त्यांनी मान हलवली. आहे, लागतेय.

"पिशवी बाबांची होती, राजा," नवीन फोनमध्ये म्हणाला. "तू तिथेच बसून राहा. मी येतोय."