व्हर्नाबाईंचं 'नको'

मी एक पत्र्याचा गोल डबा बोलतोय. माझ्या निळ्या झाकणावर लोण्याच्या बिस्किटांचं चित्र आहे आणि त्या चित्रापायी मी आजवर पुष्कळ माणसांची निराशा केली आहे. घरातल्या बाईंची पाठ वळली, की पाहुणा हळूच माझं झाकण उचलतो. आत औषधं बघतो आणि तितक्याच हळू ते बंद करतो. मग खिडकीबाहेरचं बर्फ बघत बसतो.

माझा जन्म बिस्किटांच्या कारखान्यातला. एका नाताळाला कुणीतरी मला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या व्हर्ना टॉलेफसन बाईंना भेट दिलं. बिस्किटं आठवड्यात संपली. मग माझ्यात बटणं राहायला आली. त्यानंतर बाईंच्या यजमानांनी, हार्लननी, मला मासे पकडायच्या गळांसाठी पळवलं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून ते दिवसभर बसत. एकही मासा लागला नाही, तरी घरी येऊन म्हणत, "आजचा दिवस काही अगदीच वाईट नव्हता."

ते गेले, गळ पुतण्याकडे गेले, आणि माझ्यात बाईंची औषधं आली. बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी, आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे दम्याचा पंप. त्याच्याशिवाय बाईंना दारापासून टपालपेटीपर्यंतही जाता येत नाही. त्यामुळे माझी जागा फ्रिजवर, टेलिफोनच्या शेजारी, कायमची ठरली.

आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर नकार देत नाही. एखाद्या बाईने केलेला पदार्थ घशाखाली उतरत नसला, तर "वेगळा झालाय हं" म्हणतात आणि आणखी घ्यायला ताट पुढे करतात. सगळं गाव नॉर्वेहून आलेल्यांचं, एकमेकांना ओळखून असलेलं. त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. अपवाद एकच, बाईंची भावजय फिलोमेना. ती खाणीत काम करणाऱ्या इटालियन घरातली. तिला जे वाटतं ते ती बोलते, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा बोलते.

आता मुख्य गोष्ट. मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड असलेल्या म्हाताऱ्या माणसांना औषधांसाठी एक योजना निवडावी लागते. पाठीशी सरकार असलं, तरी योजना चालवणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या. एक कंपनी हे औषध देते, दुसरी ते देत नाही. एकीचं दुकान कोपऱ्यावर, दुसरीचं शहरात. योजना बदलायची असेल, तर पानगळीपासून सात डिसेंबरपर्यंत बदलायची. एकदा ती तारीख गेली, की वर्षभर आहे त्यातच राहायचं. बाईंची जुनी योजना उत्तम चालली होती. बदलायचं काहीच कारण नव्हतं.

पण उन्हाळ्यातल्या जत्रेत अशाच एका कंपनीच्या मंडपात बाईंनी हॅमच्या, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या, सोडतीसाठी आपलं नाव आणि फोन नंबर लिहून दिला होता. बाईंना काही हॅम मिळाला नाही, कंपनीला नंबर मात्र मिळाला.

ऑक्टोबरात फोन वाजला. गोड आवाजाचा एक तरुण बोलत होता. नाव ब्रेडी.

"मिसेस टॉलेफसन, मी तुम्हाला व्हर्ना म्हणू का?"

"म्हण की बाळा. थंडी आहे का रे तुझ्याकडे?"

झालं. ब्रेडीने योजनेबद्दल थोडं सांगितलं आणि बाईंनी त्याच्या आईबद्दल पुष्कळ विचारलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. बाईंनी शेकायचं कसं ते सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, "मग नाव घालू ना तुमचं?" आता इतकं बोलणं झाल्यावर त्या लेकराला नाही कसं म्हणणार? बाई म्हणाल्या, "घाल बाबा, तुझ्या मनासारखं होऊ दे." माझ्या पोटात पंप होता. त्याला काय ठाऊक, की त्याचाच निकाल लागतोय!

थोड्या दिवसांनी नवं कार्ड आलं. बाईंनी ते कौतुकाने माझ्यात ठेवलं आणि मला काखेत मारून फिलोमेनाबरोबर औषधाच्या दुकानात गेल्या. दुकान ऑरिन बाके यांचं. तेही आमच्यातलेच, हळू आवाजाचे. त्यांनी कार्ड पाहिलं, संगणकात काहीतरी टिपलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"हं. छान कार्ड आहे. वेगळं आहे."

"हो ना? मुलगा फार चांगला होता हो."

"असणारच. जानेवारीपासून तुमचं इकडे येणं जरा कमी होईल, इतकंच."

"अस्सं?"

"आणि हा पंप… त्यांच्या यादीत तसा नाहीये. पण गोळ्या आहेत हं. गोळ्या सगळ्या आहेत."

एवढं होऊन दोघंही हवापाण्यावर बोलू लागले. मी काउंटरवर पडल्या पडल्या ऐकत होतो. शेवटी फिलोमेनाने माझ्या झाकणावर मूठ आपटली. पोचा अजून आहे.

"अगं, तो काय सांगतोय कळतंय का तुला? या दुकानातून औषध बंद! औषधासाठी बर्फातून गाडी हाणत थेट डुलुथ शहरात जायचं! आणि पंप तर तिथेही मिळायचा नाही! ऑरिन, खरं की खोटं?"

ऑरिननी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तसं म्हणायला हरकत नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात रोज तोच वाद.

"रद्द कर ते."

"त्या मुलाला काय वाटेल? त्याच्या आईचं ऑपरेशन आहे."

"त्याच्या आईला गुडघा मिळेल, तुला श्वास मिळणार नाही!"

"मी जरा हळू चालेन, फिलोमेना."

"आणि श्वास? तोही हळू घेशील?"

बाई कॉफी ओतत. माणसांचं मला हे मोठं नवल वाटतं. परक्या माणसाचं मन मोडू नये म्हणून स्वतःचा दम मोडायला ती तयार असतात.

सात डिसेंबर उजाडला. सकाळी बाई पायरीवरचं बर्फ झाडायला गेल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. ओठ निळसर. फिलोमेनाने मला उघडून पंप त्यांच्या तोंडाशी धरला. खुर्चीत बसवलं. बऱ्याच वेळाने छातीतली शिट्टी थांबली. फिलोमेना या वेळी ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. तिने मेडिकेअरचा सरकारी नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला.

किती तरी वेळ वाजंत्री वाजली. मग फोनवर एक बाई आली. तिचं नाव जिनेट. तिने औषधांची नावं विचारली. फिलोमेनाने मला टेबलावर उपडं केलं, आणि बाईंनी एकेक बाटली डोळ्यांजवळ धरून वाचून दाखवली.

"तुमच्या जुन्या योजनेत पंपासकट सगळं बसतंय, आणि दुकानही तुमचंच," जिनेट म्हणाली. "तिच्यात पुन्हा नाव घातलं, की नवी आपोआप सुटेल. कुणाला काही कळवायला नको."

"त्या मुलाला न सांगताच?" बाई दचकल्या. "मग तर फारच उर्मटपणा होईल."

"सरळ बदलून टाक गं!" फिलोमेना फोनवर वाकून म्हणाली. "मी सांगते ना!"

"ताई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. मिसेस टॉलेफसननीच सांगायला हवं. बाई, ती नवी योजना तुम्हाला हवी आहे का?"

"चांगलीच असेल हो ती. कुणाला तरी नक्की उपयोगी पडेल."

"तुम्हाला हवी आहे का?"

"मुलगा इतक्या आपुलकीने बोलला…"

"बाई, आज शेवटचा दिवस आहे. मला एका शब्दात सांगा."

बाईंनी पंपाकडे पाहिलं. तो माझ्याशेजारी आडवा पडला होता. मग त्यांनी ताठ बसून केस सारखे केले, जणू जिनेट त्यांना बघत होती.

"नको," त्या म्हणाल्या.

आणि लगेच, "माफ करा हं."

"माफी कसली? झालं तुमचं काम," जिनेट म्हणाली. तरीही बाईंनी तिला थंडीचं विचारलंच.

फोन ठेवल्यावर त्यांनी फिलोमेनाला विचारलं, "फार तोडून बोलले का गं मी?"

"आमच्या घरी याहून जोरात गुड मॉर्निंग म्हणतात," फिलोमेना म्हणाली आणि डोळे पुसायला ओट्याकडे वळली.

आता जानेवारी चालू आहे. ऑरिननी नवा पंप दिला. तो माझ्यात आहे. मी जुना झालोय, कडेला गंज धरलाय, पोच्यामुळे झाकण नीट बसत नाही. पण जागा तीच, फोनशेजारची. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. वर्षातून एकदा तो उपडा करा, आतलं एकेक नाव वाचा, आणि गोड आवाजाचा फोन आला, की म्हाताऱ्या माणसाशेजारी जरा बसा.

बाईंची मात्र काळजी नको. त्यांना आता सवय लागली आहे. परवा फिलोमेनाने आपल्या हातचा पास्ता आणला आणि तिसऱ्यांदा वाढायला घेतला. बाईंनी ताटावर हात धरला आणि म्हणाल्या, "नको."

फिलोमेना तेव्हापासून रुसली आहे.