शेपटीमागे आलेली बदकं

मी लोट्टे बोलतेय. दचकलात ना? दचकायलाच हवं, कारण कामावर असताना माझ्या तोंडून कोणी साधं 'भू'सुद्धा ऐकलेलं नाही. आमच्या घराण्यात भुंकणाऱ्याला कोणी विचारत नाही. पण आज तळं गोठलंय, कामाला सुट्टी आहे, आणि इतक्या वर्षांचं पोटात साठलंय. आता ऐकाच.

मी कुत्री. अंगानं पांढरी, त्यावर तांबूस ठिपके. कानांच्या टोकांना काळे केस लोंबतात, त्यांना आमच्या फ्रीसलंड प्रांतात डूल म्हणतात. शेपटी पांढरीशुभ्र, चांगली झुबकेदार. मी माझ्या तोंडानं सांगत नाही हो, लोकच म्हणतात की हिच्यासारखी शेपटी पंचक्रोशीत नाही.

माझा जन्म वोब्बेच्या गोठ्यातला. वोब्बे म्हणजे आमच्या गावच्या बदकतळ्याचा राखणदार. आम्ही पिल्लं जरा चालायला लागलो तेव्हा तो वाळके वाटाणे भरलेला डबा घेऊन आला आणि आमच्या कानाशी खडखड वाजवला. माझ्या भावंडांनी गोठा डोक्यावर घेतला. मी उठले, डब्याला एक फेरी मारली आणि परत येऊन बसले.

"ही गप्प आहे," वोब्बे म्हणाला. "हीच माझी."

दारात त्याची बायको गेस्के उभी होती. ती म्हणाली, "घरात गप्प बाई मिळाली नाही म्हणून कुत्री शोधलीस होय रे?"

"देवानं उशिरा का होईना, ऐकलं," वोब्बे म्हणाला आणि बाहेर सटकला. त्या घरातली माझी पहिली आठवण ही.

आता माझं काम सांगते. गावाबाहेर झाडीत लपलेलं एक तळं आहे. त्याच्या कोपऱ्यातून एक वाकडा चर निघतो. तो पुढे पुढे अरुंद होत जातो, आणि त्याच्यावर जाळीचं छत आहे. काठाला बोरूचे पडदे एकाआड एक उभे केलेत. मी एका पडद्यामागून बाहेर यायचं, शेपटी मिरवत चार पावलं टाकायची आणि पुढच्या पडद्याआड गडप व्हायचं. बस! बदकांना राहवतच नाही. 'कोण बाई ही? गेली कुठे?' करत ती पोहत माझ्या मागे येतात. त्यांना भूक नसते, कोणी ढकलतही नाही. नुसती भोचक जात! चर संपतो तिथे एक खोकं, आणि खोक्यापाशी वोब्बे.

वोब्बे पडद्याआडून वाकून चालतो. हातात दलदलीतल्या जळाऊ मातीचं, गोवरीसारखं धुमसणारं ढेकूळ धरतो, म्हणजे बदकांना माणसाचा वास येत नाही. तळ्याभोवती कोणी मोठ्यानं शिंकायचं नाही, हा गावाचा फार जुना कायदा आहे. वराती येतात त्याही बंधाऱ्यावरून मुक्यानंच जातात.

खोक्यात हात घालायचा, मान पिरगाळायची. वोब्बेचा हात इतका बसलेला होता की बदकाला कळायच्या आत काम व्हायचं. पुढचं राज्य गेस्केचं. बदक रात्रभर ताकात भिजत ठेवायचं, म्हणजे दलदलीचा उग्र वास जातो. सकाळी लोण्यात परतायचं, मग कांदा, सफरचंद, वाळके आलुबुखार घालून मंद आचेवर रटरटू द्यायचं. अहाहा! माना माझ्या वाटणीच्या. पानगळीतलं पहिलं बदक धरलं की सगळी आळी जेवायला यायची. गेस्के ओगराळं घेऊन ओरडायची, "होत्से, तिसऱ्यांदा वाढतेय हं, आता लाज बाळग!" होत्से म्हणजे शेजारी. लाज त्यानं कधीच बाळगली नाही.

आणि मग हळूहळू खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. सुनांना पिसं उपटायचा कंटाळा. पोरं नाक मुरडायची, "याला चिखलाचा वास येतो!" दुकानात कोंबडीचे सोललेले तुकडे मिळतात, त्यांना कसलाच वास नसतो, आणि तेच म्हणे चांगलं. एके वर्षी गेस्केनं नेहमीसारखी ताटं मांडली आणि एकटा होत्से आला. तोही दात घरी विसरून! बिचारा हाड चोखत बसला. गेस्के उरलेलं पातेलं झाकताना काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा फार वाईट वाटतं हो. मी जाऊन तिच्या पायावर बसले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तळं ज्याच्या मालकीचं आहे त्या गावमंडळाकडून फेना आली. पोरसवदा, गुडघ्यापर्यंत चिखल, पण नजर सरळ.

"वोब्बेकाका, मंडळानं ठरवलंय, आता मारणं बंद. खाणारं कोणी राहिलं नाही. पण तुम्ही बदकं धरलीत, तर त्यांच्या पायात खुणेचं कडं घालू आणि सोडून देऊ. ती कुठून येतात, कुठे जातात ते कळेल. तुम्ही हो म्हणालात तर तळं तुमच्याकडेच."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर जाळ्या उतरवाव्या लागतील, काका."

"धरायचं आणि सोडायचं?" वोब्बे भडकला. "म्हणजे लग्नाला जायचं आणि न जेवता परत यायचं! अगं, असलं खुळं काम माझ्या बापानं केलं नाही नि मी करणार नाही."

जाळ्या गेल्या तर मी कोण? डूल घातलेली एक रिकामटेकडी कुत्री!

वोब्बे आठवडाभर चुलीपाशी बसून राहिला. शेवटी गेस्केच कडाडली, "इथे बसून माझ्या भांड्यांना नावं ठेवणार आहेस का जन्मभर? तुला बदकाचा रस्सा हवाय की तळं हवंय, ते एकदा ठरव. मला रस्सा आवडतो, तुझ्यापेक्षा जास्त आवडतो. पण तू घरात बसलेला मला अजिबात आवडत नाहीस!"

वोब्बेनं बराच वेळ डोकं खाजवलं. "एक दिवस," तो म्हणाला. "एकच. आणि माझ्या हातांनी ऐकलं नाही, तर मला बोल लावायचा नाही."

पानगळ लागली आणि तो दिवस उजाडला. फेना नवाकोरा रेनकोट घालून आली. पाऊल टाकलं की सळसळ, हात हलवला की सळसळ.

"काढ तो," वोब्बे कुजबुजला. "बदकं काय, मेलेलेही उठतील."

बिचारी फेना गेस्केची लोकरी शाल गुंडाळून कुडकुडत पडद्याआड उभी राहिली. मी कामाला लागले. त्या दिवशी काय मिरवले म्हणता! छोट्या बदकांचा थवा उतरला होता, डोळ्यांवर हिरवे पट्टे असलेला. पहिल्या पडद्याला ती थबकली, दुसऱ्याला वळली, तिसऱ्याला रांग लावून माझ्या मागे आली. वोब्बे त्यांच्या मागे एकदम उभा राहिला, बदकं दचकून पुढे उडाली आणि खोक्यात शिरली.

त्यानं पहिलं बदक बाहेर काढलं. नर होता, चोचीचा टवका उडालेला. वोब्बेचा अंगठा आपसूक त्याच्या मानेवर गेला आणि तिथेच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मला भुंकावंसं वाटलं, अगदी घशापर्यंत आलं होतं. मी जीभ चावून बसले.

एवढ्यात बदकानं वोब्बेच्या बाहीवर भली मोठी पिचकारी सोडली.

"मेल्या!" वोब्बे म्हणाला. मग फेनाकडे वळून खेकसला, "अगं, बघत काय बसलीस? कडं आण ना! किती वेळ धरून ठेवू या घाणेरड्याला?"

कडं बसलं. वोब्बेनं हात उघडले आणि बदक गेलं. मागोमाग बाकीचीही गेली. पण घरी येताना त्याचा चेहरा उतरलेलाच होता.

"हात रिकामे आले, गेस्के," तो म्हणाला. "आपल्याच्यानं हे होणार नाही. उद्या फेनाला सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो सांगायला म्हणूनच तळ्यावर आला. पण तळं बदकांनी भरलेलं बघितल्यावर कुठला राखणदार परत फिरेल? "शेवटचं एकदा," तो फेनाला म्हणाला, आणि मी निघाले.

त्यानं खोक्यात हात घातला, बदक काढलं, वर धरलं. बघतच राहिला. पायात कडं होतं. चोचीचा टवका उडालेला होता.

"हा कालचाच आहे!" वोब्बे म्हणाला. "अरे गाढवा, काल सुटलास ना? परत हिच्या शेपटीमागे?"

आणि तो हसायला लागला. खदाखदा, पोट धरून, डोळे पुसत हसला. तळ्यावरची यच्चयावत बदकं फडफडत उडून गेली. गावाचा जुना कायदा राखणदारानंच मोडला!

"फेना," तो धापा टाकत म्हणाला, "जन्मभर बदकं धरली गं मी. पण एकही मला दुसऱ्यांदा भेटलं नव्हतं." मग हात उघडून त्यानं बदक सोडलं आणि म्हणाला, "उद्या लवकर ये. आणि शाल घेऊनच ये."

तेव्हापासून तळं आमच्याकडेच आहे. गेस्केला त्या रश्श्याची आठवण येते, ती तसं बोलूनही दाखवते. पण पानगळीतलं पहिलं बदक धरलं की ती आता वाटाण्याचं घट्ट सूप करते, आणि नाक मुरडणारी पोरं कडी बघायला येतात ती ताट चाटूनच जातात. खुर्च्या पुन्हा कमी पडतात. होत्सेला सूप चावावं लागत नाही, त्यामुळे तो सर्वांत खूश.

माझे गुडघे आता दुखतात. हाताखाली माझी लेक तयार होतेय. जरा बडबडी आहे, पण सुधारेल. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. कधी आलात तर मला हाका मारू नका, थोपटू नका. गुपचूप पडद्याआड वाकून उभे राहा आणि माझ्याकडे नव्हे, म्हाताऱ्याकडे बघा. पानगळ लागली, थवे उतरले, की वोब्बे खोक्यातून निघालेल्या प्रत्येक बदकाच्या चोचीकडे आधी बघतो. मगच कडं मागतो.