सुया ओवून ठेव

"दारू घेता का?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कधीमधी," मास्तर म्हणाला. "चवीपुरती."

"चवीपुरतीच," शेजारी उभ्या असलेल्या ताईने री ओढली.

सवयीने निघून गेलं तोंडातून. मास्तर तिचा धाकटा भाऊ, गल्लीच्या तोंडाशी त्याचं शिंपीकामाचं दुकान. गिऱ्हाइकांना 'त्याला ताप आहे', 'तो बाहेर गेलाय' असं सांगून सांगून तिची जीभ गुळगुळीत झाली होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पित्ताची पिशवी काढणं अवघड नाही. पण रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर ऑपरेशननंतर झटके येतात. जीवही जातो. आधी कळलं तर औषध देता येतं. म्हणून विचारते."

मास्तरने हात हळूच चादरीखाली घेतले. ताईने ते पाहिलं.

रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी सुया ओवून ठेवायची. मास्तरला नेढं दिसायचं, पण हात थरथरायचे. गिऱ्हाईक यायच्या आत सुया खोचायच्या छोट्या उशीवर तयार. गाठ मात्र तो तिला मारू देत नसे. बोटाभोवती दोरा फिरवून स्वतः मारायचा. "शिंपी मी आहे का तू?" म्हणायचा.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "उठल्याबरोबर लागते त्याला. त्याशिवाय हात थांबत नाहीत. सुयासुद्धा मीच ओवते."

मास्तरने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, औषधं सुरू झाली. ताई डबा आणायची, तो भिंतीकडे बघत जेवायचा. एकदा म्हणाला, "मीठ नाही यात."

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय."

"त्यांना तू अजून काय काय सांगितलंस?"

"घोरतोस ते राहिलं बघ."

त्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात दडवलं.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला हिरवी टोपी घातली. ढकलगाडीवर पडल्या पडल्या त्याने टोपीची कड चाचपली. "काय शिलाई आहे ही. बाबांनी हाकलून दिलं असतं मला." मग दाराशी गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "ताई, सुया ओवून ठेव."

दार लागलं. ताई बाकावर बसली. पिशवीतून उशी काढली, रीळ काढलं. एकेक सुई ओवत गेली. उशी भरली, दोरे मोकळे लोंबत राहिले.

"गाठी नाही मारल्यात?" शेजारच्या बाईने विचारलं.

"त्या तो मारतो," ताई म्हणाली.