तिसरी बशी

कॉफीचं मशीन घरी आणणाऱ्या माणसांवर माझा राग आहे. हौसेने आणतात, ओट्यावर मिरवतात, आणि धुवायचं म्हणून नाव नको. वर्षभराने माझ्याकडे घेऊन येतात आणि म्हणतात, "चव बदलली हो, हल्ली बियाच खराब मिळतात." बियांनी काय घोडं मारलंय? वाफेच्या नळीत महिन्याचं दूध वाळून दगड झालेलं असतं, जाळीवर काळं तेल, बॉयलरमध्ये पांढऱ्या क्षाराचा थर. नाचता येईना अंगण वाकडं. मी हे तोंडावर सांगतो, म्हणून गिऱ्हाइकं जरा घाबरतच दुकानात शिरतात. शिरतात मात्र, कारण काम चोख असतं.

ते काम मला उस्तादांनी शिकवलं. दुकान त्यांचं. मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली, आणि ते गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. माणूस बोलायला कमी, पण नियमांना पक्का. मशीन धुऊन झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन तारखा लिहायच्या, एक आजची आणि एक पुढची. पुढची तारीख येईपर्यंत ते मशीन लिहिणाऱ्याचं. दुसऱ्याने झाकणाला हात लावायचा नाही, मग तो खुद्द उस्ताद का असेना. आणि एकदा लिहिलेली तारीख खोडायची नाही.

याला अपवाद एकच. काम चुकलेलं असेल तर उस्ताद ते मशीन उघडायचे, चुकीचा बसवलेला भाग काढून बशीत ठेवायचे आणि ती बशी आपल्यासमोर सरकवायचे. तोंडातून शब्द नाही. चूक तेवढी सुधारायचे, तारीख आपलीच राहायची. अशा तीन बश्या झाल्या की बुटकं स्टूल पुढे यायचं. त्यावर आपल्याला बसवायचे, स्वतः मागे उभे राहायचे आणि आपल्या खांद्यांवरून हात पुढे घालून पहिल्या स्क्रूपासून सगळं पुन्हा शिकवायचे. "तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ," एवढंच म्हणायचे. एकोणीस वर्षांत मी त्या स्टुलावर एकदाच बसलो. त्या दिवसाची आठवण आली की अजून कान गरम होतात.

त्यांना जाऊन आठ महिने झाले तेव्हा वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला.

"भाऊजी, घरचं मशीन एकदा बघून जाता का? काही बिघडलेलं नाही. नुसतं बघा."

मला लाजच वाटली. आठ महिन्यांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शनिवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघर अरुंद, खिडकीखाली ओटा, ओट्याच्या कोपऱ्यात ते जुनं पितळी कडांचं मशीन. वहिनी रोज सकाळी त्यात एक कप कॉफी करायच्या. स्वतः पीत नव्हत्या. "वास घेते, मग ओतून देते," म्हणाल्या. मला विचारायचं होतं की धुतं कोण. तेवढ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला आणि त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "फक्त बघा हं."

आता मला सांगा, सुताराला रंधा देऊन फक्त बघ म्हटलं तर तो बघेल का? मी झाकण काढलं. आत क्षाराची नुकती कुठे साय धरू लागली होती, महिनाभराची असते तेवढी. हात शिवशिवले. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून टाकीत भरलं, अर्धं सोडलं, वीस मिनिटं थांबलो, उरलेलं सोडलं. साध्या पाण्याच्या दोन टाक्या फिरवल्या. जाळी उतरवून घासली, रबराची रिंग पुसून बसवली. वहिनींचं बोलणं आतपर्यंत ऐकू येत होतं. लेक काहीतरी समजावत होती आणि वहिनी हं, हं करत होत्या. शेवटी पेन्सिल काढली आणि सवयीने झाकणाच्या आत तारखा लिहिल्या. आजची, आणि सहा महिन्यांनंतरची.

चष्मा कपाळावर होता. तो डोळ्यांवर घेतला आणि वरच्या ओळी वाचल्या.

प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार. अक्षर उस्तादांचं, सातच्या पोटात आडवी रेघ मारलेलं. त्यातल्या शेवटच्या आठ ओळी ते गेल्यानंतरच्या होत्या.

मी टेबलाजवळची खुर्ची ओढून बसलो.

वहिनी आल्या. त्यांनी ओला ओटा पाहिला, मग माझ्या हातातली पेन्सिल पाहिली.

"लिहिलीत तारीख?"

"लिहिली."

"कितीची?"

मी सांगितली. त्या फडकं उचलून कोरडी जागाच पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या रविवारी मी सकाळी फिरायला जाते. अर्ध्या तासाने येते तेव्हा ओटा ओला असतो. फडकं नळावर दोन घड्या घालून टाकलेलं असतं, हे टाकायचे तसं. स्वयंपाकघरात यांचा वास असतो. पहिल्यांदा घाबरले मी. मग उरलेला महिना त्या दिवसाची वाट बघायला लागले. मला भ्रम होत नाहीये ना, एवढंच तुमच्याकडून बघून घ्यायचं होतं, भाऊजी. उद्या पहिला रविवार आहे. आणि आता हे येणार नाहीत. तुमची तारीख आहे ना त्यावर."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. उस्तादांची मेल्यावरही गेली नव्हती. ते दुसऱ्याच्या तारखेला हात लावणार नाहीत, हे मला त्यांच्या बायकोइतकंच पक्कं ठाऊक होतं.

"सहा महिन्यांनी येतील ना," मी म्हणालो. स्वतःच्याच बोलण्याचा मला राग आला.

"लेक दोन महिन्यांनी न्यायला येतेय. हे घर सोडायचंय. तिच्याकडे बटणाचं मशीन आहे, हे ठेवायला जागा नाही. आणि यांना तिचं घर कुठे माहीत आहे?"

असं वाटलं की आपल्या हाताने मी त्या बाईचा नवरा दुसऱ्यांदा नेला. जे काम चोख करतो म्हणून मिरवलं, त्याच कामाने.

मी उठून मशीन पुन्हा उघडलं. माझीच तारीख होती, मला मुभा होती. रबराची रिंग काढली आणि उलटी बसवली, उतरती बाजू खाली. नवशिकासुद्धा अशी चूक पहिल्या आठवड्यातच करतो, पुढे करत नाही. आयुष्यात मी मुद्दाम वाईट काम केलं नव्हतं. झाकण लावलं.

"उद्या फिरायला जा," मी म्हणालो. "आणि एक बशी ओट्यावर काढून ठेवा."

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. वहिनींचा आवाज बारीक झाला होता. "बशीत रबराची रिंग आहे, भाऊजी. मशीनमध्ये नवीन बसवलीय. फडकं नळावर आहे."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. नवीन रिंगा माझ्या दुकानाच्या खणात असतात. जाऊन मोजल्या, एक कमी होती. कुलूप जसंच्या तसं होतं.

पुढच्या महिन्यात मी जाळीचा स्क्रू ढिला सोडला. रविवारी तो स्क्रू बशीत आला, स्वच्छ पुसून. या वेळी बशी मशीनसमोर नव्हती. पहिल्या दिवशी मी बसलो होतो त्या खुर्चीसमोर, टेबलाच्या कडेला होती. वहिनींनी हे सहज सांगितलं. म्हणजे बशी माझ्यासमोरच सरकवली होती.

लेक यायच्या आदल्या आठवड्यात वहिनींनी पुन्हा बोलावलं. घरात खोकी बांधून ठेवलेली. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मशीन तेवढं जागच्या जागी होतं.

"आज काय बिघडवणार?" त्यांनी विचारलं.

"आज नको, वहिनी. दोन झाल्यात. तिसरी झाली की काय होतं ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. म्हणूनच तर." त्या खोक्यावर टेकल्या. "दोन्ही वेळा मला ओला ओटा मिळाला. माणूस मिळाला नाही. शेवटच्या दिवशी मी भाजी निवडत होते आणि यांनी आतून हाक मारली, तर मी म्हटलं, थांबा जरा. मी आत गेले तोवर हे गेले होते, तोंड भिंतीकडे. मला एकदा तोंड बघायचंय, भाऊजी. तिसऱ्या बशीला हे स्वतः येऊन उभे राहतात. तुमच्यासाठी येतील. माझ्यासाठी आले असते तर आठ महिने मी फिरायला जायची यांनी वाट पाहिली नसती."

मी भित्रा माणूस आहे, हे कबूल करायला मला लाज नाही. पण ज्याने पोटाला धंदा दिला त्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? मी वाफेच्या नळीचं टोक आट्यांवर वाकडं चढवून घट्ट केलं. आटे कुरकुरले तेव्हा माझेच दात आंबले.

रविवारी फोनची वाट न बघता मी सातलाच निघालो. दार उघडं होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या होत्या, पायात चपला तशाच.

"बशी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि स्टूल आलंय."

ओट्यासमोर बुटकं स्टूल होतं. दुकानातलं, एका पायाला तार गुंडाळलेलं. काल संध्याकाळी मी त्याच्यावर डबा ठेवला होता. मशीन उघडून, भाग ओळीने मांडून ठेवले होते. पहिला स्क्रू अगदी डावीकडे. ओल्या ओट्याला लिंबूसत्वाचा वास येत होता.

मी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बसलो. गुडघे हनुवटीला टेकले, पहिल्यासारखे. मागे कोणीतरी दोनदा घसा खाकरला. शिव्या गिळताना उस्ताद तसंच करायचे.

चौकटीतून वहिनी माझ्या डोक्याच्या वर बघत होत्या. त्यांनी पदराने तोंड दाबलं, मग पदर खाली सोडला. "थांबा जरा म्हटलं होतं हो मी," त्या म्हणाल्या, "चुकलंच माझं." आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला मागे वळून बघायचा मोह झाला.

वळलो नाही. माझ्या दोन्ही खांद्यांवरून काहीतरी गार पुढे आलं आणि पहिला स्क्रू उचलला गेला. शिकणाऱ्याने तोंडाकडे बघायचं नसतं. मी हातांकडे बघत राहिलो.